हौशी इलेक्ट्रॉनिकी व यंत्रमानव-बांधणी, मुंबईतील

पोटापाण्यासाठी नव्हे, तर केवळ आवडीखातर सुटे भाग जोडून स्वतःच्या हाताने सर्किटे, रेडिओ, घरगुती उपकरणे आणि अलीकडच्या काळात छोटे यंत्रमानव तयार करण्याचा छंद.

मुंबईत त्याचा आरंभ कोठून धरावा, याविषयी दोन मते संभवतात. पहिले मत नभोवाणीच्या प्रयोगांकडे बोट दाखवते. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने आपल्या मुंबईतील कार्यालयातून संगीताचा कार्यक्रम प्रक्षेपित केला व गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेचे प्रक्षेपण सुरू झाले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी उघडले, तोवर हा खटाटोप मुख्यतः हौशी मंडळींचा होता. म्हणून १९२३ हे साल पुढे केले जाते. दुसरे मत असे की, छंद रुजायला एकेक सुटा भाग परवडणाऱ्या किमतीत मिळावा लागतो आणि चुकल्यास तो जाळून टाकण्याची मुभा असावी लागते. निर्वात नळ्यांच्या संचाला उच्च दाबाचा वीजपुरवठा लागे. चुकीला जिवाचीच किंमत असे. १९४७ साली शोध लागलेला ट्रान्झिस्टर मात्र टॉर्चच्या सेलवर चालतो. तो बाजारात सहज मिळू लागल्यावर, म्हणजे बहुधा १९६० नंतरच, शाळकरी मुलाच्या हाती हे काम आले असावे. या नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे; क्लबचे प्रयोग ही त्याची पूर्वपीठिका होय.

सुट्या भागांची पेठ म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव त्याला मिळाले. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे अधिकृत नाव आज पाट्यांवर आहे, पण भाग आणायला निघालेला माणूस ‘लॅमिंग्टनला जातो’ असेच म्हणतो. तेथे वस्तू नावाने नव्हे, क्रमांकाने मागितली जाते: ‘५४७ दहा द्या, ७८०५ दोन’ एवढ्यावर बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर पुडीत येतो.

नवशिक्याचा पहिला संच पूर्वी बहुधा बॅटरीविना चालणारा रेडिओ असे. तारेची गुंडाळी, केंद्र जुळवण्याचा गँग कंडेन्सर, ओए ७९ हा जर्मेनियम डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि इअरफोन एवढ्यावर आकाशवाणीच्या मुंबई केंद्राच्या मध्यम लहरी (५५८ व १०४४ किलोहर्ट्झ) ऐकता येत. येथे सिलिकॉन डायोड का चालत नाही, याचे उत्तर छंदातल्या मुलाला पुस्तकाआधी कानाने कळते. हवेतून मिळणारा संकेत क्षीण असतो; सिलिकॉन सुमारे ०.६ व्होल्टनंतर वहन करतो, जर्मेनियम त्याच्या निम्म्याहूनही कमी दाबावर. पुढे १९७२ मध्ये बाजारात आलेल्या ५५५ टायमर या वेळ मोजणाऱ्या चिपने लुकलुकणारे दिवे, भोंगे व गजर सोपे केले.

यंत्रमानवाकडे वळण लागले ते महाविद्यालयीन स्पर्धांमुळे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा टेकफेस्ट हा तंत्रमहोत्सव १९९८ मध्ये सुरू झाला. याच संस्थेचा ई-यंत्र हा यंत्रमानव-शिक्षणाचा प्रकल्प देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत पोचला असून त्याचा फायरबर्ड ५ हा यंत्रमानव एटीमेगा २५६० या चिपवर चालतो. माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयातही विद्यार्थ्यांची यंत्रमानव-मंडळी सक्रिय आहे.

काळ्या पट्टीवरून चालणारा ‘लाइन फॉलोअर’ ही या स्पर्धांची बाराखडी. अवरक्त एलईडीचा प्रकाश पांढऱ्या पृष्ठभागावरून परततो, काळ्यात शोषला जातो. उलट्या जोडणीतील फोटोडायोड या प्रकाशसंवेदी भागामधून परतलेल्या प्रकाशानुसार प्रवाह वाहतो आणि १० किलोओहमच्या रोधकावर दाब तयार होतो. एलएम ३५८ ही चिप त्याची प्रीसेटने (फिरवून बदलता येणाऱ्या रोधकाने) ठरवलेल्या दाबाशी तुलना करते. ५ व्होल्टवर तिचे निर्गत (आउटपुट) सुमारे ३.५ व्होल्टपर्यंतच चढते, पण एल २९३ डी या मोटर-चालक चिपला २.३ व्होल्ट पुरतात, म्हणून ही जोडी जमते. खरी फसगत पुढे असते. पूर्ण भारावर एल २९३ डीमध्ये अडीच व्होल्टांच्या आसपास दाब खर्ची पडतो, त्यामुळे ६ व्होल्टच्या पुरवठ्यातून मोटरला साडेतीनच्या आतबाहेर मिळतात आणि गाडी रडतखडत चालते. मोटर सुरू होताना दाब कोसळून मायक्रोकंट्रोलर, म्हणजे गाडीची सूत्रे हलवणारी चिप, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हा दोष कार्यक्रमातला (प्रोग्रॅममधला) समजून रात्र घालवणारे बरेच आढळतात. मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणि तर्कभागाला (मायक्रोकंट्रोलर वगैरे चिपना) वेगळा पुरवठा हा त्यावर नेहमीचा उतारा. ऊनही अवरक्त किरण आणते. घरी बिनचूक धावलेली गाडी उघड्या मंडपात वाट सोडते ती यामुळे.

२००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्डुइनो या तयार मायक्रोकंट्रोलर-फळीमुळे चिपमध्ये कार्यक्रम भरण्यासाठी लागणारे वेगळे यंत्र अनावश्यक झाले. झीरो पीसीबीवर (भोके पाडलेल्या कोऱ्या फळीवर) सोल्डरिंग करण्याची सवय मात्र त्याने कमी केली, आणि हे नुकसान लहान नाही. शालेय पातळीवर नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा (२०१६ पासून) सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत.

भागांचा तुटवडा सरला, जागेचा राहिला. एका खोलीच्या संसारात सर्किटच्या फळीवरचे नको असलेले तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडची तांबडी-तपकिरी ताटली ठेवणार कोठे? सामायिक कार्यशाळांची गरज यातूनच निर्माण झाली. २०१३ मध्ये मुंबईत निघालेले मेकर्स असायलम हे त्यांपैकी ठळक उदाहरण. नंतर त्याने आपला मुक्काम गोव्याला हलवला.