धुऱ्यावरचे भांडण आकड्यात मोजताना

धुरा (बांध) ओलांडून नांगराचे एक तास आपल्या वावरात आले म्हणून शेजाऱ्यावर कुऱ्हाड उगारणारा शेतकरी आणि त्याच वादाच्या काळजीने रात्रभर आढ्याकडे पाहत पडून राहणारा शेतकरी, हे दोघेही अस्वस्थच असतात. पहिल्याची अस्वस्थता मात्र इतरांवर आदळते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस आकेनबाख यांनी मुलांच्या समस्यांचे सांख्यिकी विश्लेषण करून १९६६ मध्ये हा भेद मांडला. पहिल्या प्रकाराला बाह्यवर्ती समस्यावर्तन म्हणता येईल. बहिर्मुख, बोलक्या स्वभावाशी त्याचा संबंध नाही.

१८ ते ५९ वयोगटासाठीच्या त्यांच्या प्रश्नावलीत आक्रमकता, नियमभंग आणि इतरांना हैराण करणारा आगाऊपणा यांचे गुण एकत्र केले जातात. प्रत्येक विधान गेल्या सहा महिन्यांत लागू नव्हते, कधीकधी होते की बऱ्याचदा होते, यानुसार ०, १ किंवा २ गुण मिळतात. बेरजेचे रूपांतर ५० सरासरी व १० प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) असलेल्या मापावर होते आणि ६४ किंवा अधिक गुण आल्यास बारकाईने तपासणी करणे आवश्यक ठरते. मात्र मृगाच्या तोंडावर पेटलेले धुऱ्याचे भांडण फेब्रुवारीत भरलेल्या प्रश्नावलीत येतच नाही.

“तसा तापट हाय, पण मनाचा साफ हाय,” असे बायको सांगते, तर “मले कुठं राग येते?” असे नवरा विचारतो. म्हणूनच जवळच्या व्यक्तीसाठी वेगळी प्रश्नावली असते. प्रौढांच्या अशा दुहेरी उत्तरांचा २००५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा व्यसनाबाबत सहसंबंध (दोन उत्तरांतला मेळ; पूर्ण मेळ म्हणजे १) सरासरी ०.६८ आढळला, तर बाह्यवर्ती वर्तनाबाबत तो जेमतेम ०.४४ होता. दारूचा वास लपत नाही. राग मात्र ज्याचा त्याला रास्तच वाटतो.

नियमभंगाचे मोजमाप याहून अवघड आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडू अशा गोष्टी आपण करतो का, असेही एक विधान या प्रश्नावलीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्यामुळे २०१४ मध्ये उघडपणे रिचवलेला पेला २०१६ मध्ये गुन्हा ठरला, पिणारा मात्र तोच राहिला. दारू पिण्याची सवय तपासणारी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी कायद्याबद्दल विचारत नाही; किती वेळा, किती प्यालात, थांबता आले का, कोणाला इजा झाली का, हे विचारते. त्यामुळे ४० पैकी ८ गुणांची तिची धोक्याची खूण दारूबंदी असलेल्या वर्ध्यात आणि ती नसलेल्या यवतमाळात सारखीच लागू करता येते.