डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नव्हे

जीआरईच्या, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणासाठी देतात त्या परीक्षेच्या, तयारीच्या वर्ड लिस्ट कुणी दाखवल्या की त्यात ही ओळ हमखास सापडते: 'डिसइंटरेस्टेड = रस नसलेला'. आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

अनइंटरेस्टेड तुम्हाला येतोच, मागच्या बाकावर जांभया देणारा. तो सोडा.

सगळा घोळ इंटरेस्ट या शब्दाचा आहे. आपल्याकडे बँकेचं व्याज वेगळं, गोष्टीतला रस वेगळा आणि हितसंबंध वेगळा, इंग्रजीने तिन्ही एकाच पोत्यात भरलेत. अन लागला की रस गेला, डिस लागला की हितसंबंध गेला. म्हणजे निकाल कुठेही लागो, ज्याचं त्यात काही अडकलेलं नाही तो डिसइंटरेस्टेड.

गल्ली क्रिकेट आठवा. अंपायर बॅटिंगवाल्या टीमचाच असतो, त्यामुळे रनआऊट दिला तर घरी जायची वेळ येते, हा डिसइंटरेस्टेड अजिबात नाही. वर गॅलरीत उभे राहून एकेक बॉल डोळ्यांत तेल घालून बघणारे काका, ज्यांना कोण जिंकतंय याचं काही नाही, ते खरे डिसइंटरेस्टेड, आणि तरी मॅचमध्ये पूर्ण इंटरेस्टेड! हे दोन्ही एका माणसात एकाच वेळी असू शकतं, इथेच पोरं अडकतात. (आणि कुणीतरी बळंच उभा केलेला, मोबाईलमध्ये डोकं घातलेला मावसभाऊ, तो दोन्हीकडून कोरा.)

आता जीआरईतल्या सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रश्नप्रकारात हे कसं चावतं बघा. सहा पर्याय, त्यातले दोन निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच निघाला पाहिजे, एक बरोबर एक चूक असेल तर शून्य. समजा वाक्य असं, की समितीतल्या कुणाचेच त्या कंपनीत पैसे नव्हते म्हणून तिचा निर्णय सगळ्यांनी मानला, समिती कशी होती? पर्यायांत डिसइंटरेस्टेड, इम्पार्शियल (निःपक्षपाती), अनइंटरेस्टेड आणि अपॅथेटिक (उदासीन) आहेत. ज्याने 'रस नसलेला' पाठ केलंय त्याला डिसइंटरेस्टेड, अनइंटरेस्टेड, अपॅथेटिक तिन्ही सख्खी भावंडं वाटतात आणि त्यातले दोन उचलून तो मोकळा होतो. उत्तर डिसइंटरेस्टेड आणि इम्पार्शियल. कंटाळलेल्या समितीचा निर्णय कोण मानेल हो?

2011 मध्ये परीक्षेतून अँटोनिम्स (विरुद्धार्थी शब्द) आणि अॅनालॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं साम्य) हे प्रश्न गेले, तरी एका शब्दाला एक अर्थ असली फ्लॅशकार्डं लोक अजून घोकतायत. माझ्या मते प्रत्येक कार्डावर एक अख्खं वाक्य हवंच, शब्द कमी झाले तरी चालतील.

डिक्शनरीत 'रस नसलेला' हाही अर्थ दिलेला असतो, असं कुणीतरी म्हणणारच. असतो, 17व्या शतकातही तो वापरात होता. मला तरीही तो आवडत नाही, आणि परीक्षेपुरता तरी बाजूलाच ठेवा. फक्त डिसइंटरेस्ट हे नाम दिसलं तर जरा थांबा, ते दोन्ही अर्थांनी येतं, तिथे आजूबाजूचं वाक्य वाचूनच ठरवावं लागतं.