चित्तर टेकडीवरचं दुष्काळी काम

बेंगळुरू–जोधपूर गाडी बेळगाव स्टेशनवरून जाते. आपल्या भागातल्या मारवाडी व्यापाऱ्यांची ती गावी जायची गाडी. आता तिच्यात राजस्थान बघायला निघालेली मराठी कुटुंबंही दिसतात आणि ऐपत असलेले एखादी रात्र जोधपूरच्या उमेद भवन या राजवाड्यात काढून येतात. तिथे उतरण्याआधी ती वास्तू कशी उभी राहिली, ते आपल्यासारख्यांनी तरी जाणून घ्यावं.

आपल्यासारख्यांनी अशासाठी, की अथणी-रायबागकडच्या जुन्या माणसांना 'दुष्काळी काम' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून ज्यांनी चूल पेटवली, ती माणसं अजून आहेत. उमेद भवन हेही तसंच दुष्काळी काम. फक्त खडीऐवजी घडीव दगड.

मारवाडला, म्हणजे जोधपूर संस्थानाला, दुष्काळ नवा नव्हता. 1899-1900 चा दुष्काळ विक्रम संवत 1956 मध्ये पडला, म्हणून तिकडे त्याला 'छपनिया' म्हणतात. त्याच दुष्काळाने आपला मुंबई इलाखाही होरपळला होता. पुढे 1920 च्या दशकात पाऊस सलग काही वर्षं हुकला. लोकांच्या हाताला काम हवं होतं. महाराजा उमेदसिंहांनी शहराबाहेरच्या चित्तर टेकडीवर 18 नोव्हेंबर 1929 रोजी राजवाड्याचा पाया घातला. दोन-तीन हजार माणसं राबली आणि काम 1943 पर्यंत, म्हणजे चौदा वर्षं चाललं.

आराखडा हेन्री लँचेस्टर या इंग्रज वास्तुविशारदाचा. खोल्या 347. दगड मात्र तिथलाच, पिवळसर वालुकाश्म. खाणीतून तो आणायला खास रेल्वेचा फाटा टाकला होता. सुतार लाकडाचं कुसू खाचेत बसवतो, तसे हे चिरे एकमेकांत अडकवले आहेत. मधे चुना नाही, सिमेंट नाही. मला या वाड्यातलं सगळ्यात मोठं वैभव हेच वाटतं, कारण ते पाथरवटांच्या हातचं आहे.

लंडनहून मागवलेलं सामान महायुद्धात जहाजासकट बुडालं. मग युद्धामुळे देश सोडावा लागलेल्या स्टेफान नॉर्बलिन या पोलिश चित्रकाराने आतली सजावट केली आणि भिंतींवर रामायणातले प्रसंग रंगवले. उमेदसिंहांना हे घर जेमतेम चार वर्षं लाभलं; 1947 मध्ये ते वारले.

पुढची गोष्ट आपल्या जमखंडी-रामदुर्गच्या लोकांना ओळखीची वाटेल. संस्थानं विलीन झाली, 1971 मध्ये राजांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाले आणि एवढे मोठे वाडे सांभाळायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. जयपूरचा रामबाग 1957 मध्येच हॉटेल झाला होता, उदयपूरचा लेक पॅलेस 1963 मध्ये. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात उमेदसिंहांचे नातू गजसिंह यांनी उमेद भवनाचा काही भाग पाहुण्यांसाठी खुला केला. आज तिथे हॉटेल आहे, संग्रहालय आहे आणि राजघराण्याचं राहतं घरही.

दुष्काळात राजवाडाच का बांधायचा, तलाव का नाही? कोरड्या पट्ट्यातल्या माणसाच्या मनात हे येणारच, माझ्याही आलं. मजुरी पोटापर्यंत पोहोचली हे खरं. पण पुढच्या दुष्काळात वाडा पाणी देत नाही. उमेदसिंहांनी ते कामही हाती घेतलं, मात्र उशिरा. पाली जिल्ह्यातल्या जवाई धरणाची सुरुवात त्यांनी 1946 मध्ये केली. ते पूर्ण झालं 1957 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. आज पर्यटक तिथल्या खडकाळ टेकड्यांवर बिबटे बघायला जातात आणि धरणाचं पाणी पालीच्या गावांना जातं.