स्कोर कमी आला, म्हणजे सुटलो?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या लाटेत, महाराष्ट्रात घरोघरी एकच प्रश्न होता: ‘सीटी स्कॅनचा स्कोर किती आला?’ फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पंचवीस. सहा आला की हुश्श, अठरा आला की बेडसाठी फोनाफोनी. त्या आकड्याचा उपयोग झाला, नाही असं नाही. पण जेवढे डाग तेवढा आजार, ही समजूतही त्यानेच पक्की केली. कॅन्सरच्या रुग्णाच्या बाबतीत ती महागात पडू शकते.

सीटीत विषाणू दिसत नाही, दिसते ती त्याच्याशी चाललेली शरीराची झटापट. वायुकोशांच्या भिंती सुजतात, आत थोडा द्रव आणि पेशी झिरपतात, आणि एरवी काळा दिसणारा भाग करडा पडतो. बाथरूमच्या खिडकीच्या काचेसारखा धूसर, पण मागच्या रक्तवाहिन्या कळतील एवढाच. रिपोर्टात याला ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात. वायुकोश पूर्ण भरून रक्तवाहिन्याही झाकल्या गेल्या, की ते ‘कन्सॉलिडेशन’.

आता केमो चालू असलेल्या माणसाचा विचार करा. बऱ्याच औषधांनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात. वॉर्डातल्या भाषेत, ‘काउंट पडले’. त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या की संसर्ग असूनही सूज धरायला पुरेशा पेशीच नसतात. मग एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. जर्मनीत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, काउंट पडलेले, अँटिबायोटिक देऊनही ताप न उतरलेले आणि एक्स-रे नॉर्मल असलेले रुग्ण घेतले होते. त्यांच्या एचआरसीटीत, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या कापांत, निम्म्याहून अधिक वेळा न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या.

याची उलटी बाजू नातेवाइकांना जास्त घाबरवते. काउंट वर येऊ लागतात, पेशी फुप्फुसात पोचतात आणि डाग वाढतात. कधी श्वासही तात्पुरता जड होतो. औषध लागू पडत असतानाच फिल्म बिघडलेली दिसते. अशा वेळी नुसते दोन रिपोर्ट शेजारी ठेवून काही कळत नाही. त्या दोन्ही दिवशी काउंट किती होते, ते विचारावं लागतं.

लक्षणांचंही तसंच. ताप, खोकला, दम, थकवा ही यादी सगळ्यांना पाठ आहे. पण केमोवरचा माणूस आधीच थकलेला असतो, तोंडाची चव गेलेली असते, हिमोग्लोबिन उतरल्यामुळे जिना चढताना दम लागतो. फुप्फुसाचा कॅन्सर असेल तर खोकला जुनाच. त्यात उलटी होऊ नये म्हणून दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि दुखण्यासाठी घेतलेलं पॅरासिटामॉल ताप दाबून ठेवतात. म्हणून काउंट पडलेले असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नसतं. रात्री दोन वाजता का असेना, हॉस्पिटल गाठायचं.

धोका नेमका किती? फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधून आलेल्या पहिल्या मोठ्या आकड्यांत कॅन्सरच्या ३९ टक्के कोविड रुग्णांची प्रकृती गंभीर झाली होती, इतरांत ८ टक्के. आकडा जगभर फिरला. मात्र १५९० रुग्णांपैकी कॅन्सरचे होते फक्त १८, हे फारसं कोणी सांगितलं नाही. पुढच्या मोठ्या अभ्यासांतून चित्र जास्त नेमकं झालं: सगळे कॅन्सर सारखे नाहीत, रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण अधिक अडचणीत येतात. लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी, रिटुक्सिमॅब हे औषध घेतलेल्यांमध्ये अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची फळीच गायब असते. त्यांच्यात कोविड आठवडेच काय, महिनेही रेंगाळू शकतो. एक डाग विरतो, दुसरीकडे नवा उमटतो. नाकातला स्वॅब निगेटिव्ह येतो आणि दुर्बिणीने फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात मात्र विषाणू सापडतो.

खरी कसोटी लागते ती सारख्या दिसणाऱ्या डागांत. कोविडचे डाग बहुधा दोन्ही बाजूंना, कडेकडेने असतात. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या दुसऱ्या विषाणूत श्वासनलिकांच्या भिंती जाड होतात आणि टोकाशी बारीक ठिपके दिसतात. पण हे काही ओळखपत्र नव्हे. रेडिएशननंतर काही आठवड्यांनी येणारी सूजही करडीच असते, फक्त तिची कड बऱ्याचदा किरणांच्या पट्ट्याशी जुळते. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब अशा इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागवणाऱ्या) औषधांनी येणारा न्यूमोनायटिस, म्हणजे संसर्गाशिवाय आलेली फुप्फुसाची सूज, तर हुबेहूब विषाणूसारखा दिसू शकतो. तिथे भरपूर स्टिरॉइड द्यावं लागतं, आणि संसर्ग असेल तर तेच स्टिरॉइड अंगाशी येऊ शकतं. त्यामुळे रेडिओलॉजिस्टला नुसता स्कॅन पाठवून भागत नाही. कोणतं औषध, शेवटची सायकल कधी, रेडिएशन कुठे, हे फॉर्मवर लिहिलेलं असेल तर रिपोर्टाचा दर्जाच बदलतो. आपल्याकडे त्या जागी बऱ्याचदा ‘कफ अँड फीवर’, म्हणजे खोकला आणि ताप, एवढंच असतं.

लसीच्या बाबतीतही हेच घडतं. दंडात कोविडची लस घेतली की त्या बाजूच्या काखेतल्या लसिकाग्रंथी सुजू शकतात आणि पेट-सीटीत, म्हणजे कॅन्सर कुठे पसरलाय ते शोधणाऱ्या स्कॅनमध्ये, उजळून निघतात, अगदी कॅन्सर पसरल्यासारख्या. म्हणून डाव्या स्तनाचा कॅन्सर असेल तर लस शक्यतो उजव्या दंडात घ्यायला सांगतात. स्कॅनला जाताना लसीची तारीख आणि हात, दोन्ही सांगायचे.