बांबुलन्स आणि वीस हजारांचा निकष

पावसाळा लागला की नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागातून एक बातमी हमखास येते. बांबूला चादर नाहीतर घोंगडी बांधून केलेली झोळी, पुढे-मागे दोघे, खांदा बदलायला सोबत आणखी दोघे, आणि आत बाळंतपणाला निघालेली बाई किंवा साप चावलेला माणूस. या झोळीला ‘बांबुलन्स’ असं नावही पडलं आहे. गाडी येऊ शकते त्या डांबरी रस्त्यापर्यंत तिची मजल. गडचिरोलीत हेच काम खाटेची कावड करते.

ही झोळी आजची नाही. पण स्वातंत्र्यानंतर सरकारी आरोग्यकेंद्रांचं जाळं विणलं गेलं, तरी ती उरलीच कशी, हे कळायला त्या जाळ्याचा हिशेब बघावा लागतो.

१९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे भोर मूळ नाशिकचे, डेक्कन कॉलेजात शिकलेले, आयसीएस अधिकारी. १९४६ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहता कामा नये. लगेच करण्यासारखं म्हणजे दर ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढच्या काळात दर १० ते २० हजारांमागे ७५ खाटांचं रुग्णालय. ७५ खाटांचं ते रुग्णालय कागदावरच राहिलं. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेतून केंद्रं उघडू लागली आणि पुढे जो निकष रुळला तो सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना पाठ असतो: सपाट भागात ३० हजारांना एक केंद्र, आदिवासी-डोंगरी भागात २० हजारांना, त्याखालचं उपकेंद्र अनुक्रमे ५ हजारांना आणि ३ हजारांना.

वरवर पाहता आदिवासी भागाला झुकतं माप आहे. आता २०११ च्या जनगणनेचे आकडे घेऊन बघा. कोल्हापूर जिल्ह्यात चौरस किलोमीटरला सरासरी ५०० माणसं. तिथे ३० हजार लोक ६० चौरस किलोमीटरमध्ये मावतात, म्हणजे जेमतेम आठ किलोमीटर बाजूच्या चौकोनात. गडचिरोलीत १४,४१२ चौरस किलोमीटरवर पावणेअकरा लाख लोक. तिथे २० हजार माणसं गोळा करायला २७० चौरस किलोमीटर लागतात. सवलत देऊनही एका केंद्राच्या वाट्याला चौपटीहून जास्त मुलूख. ही झाली जिल्ह्याची सरासरी; भामरागडचं जंगल त्याहून विरळ, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाऊन तालुक्याची वाटच बंद. निकष ठरवताना डोकी मोजली, वाट मोजलीच नाही. १९७३ मध्ये भामरागडजवळच्या हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना थाटला तेव्हा लोक दिवसदिवस चालत यायचे, त्याचं मूळ इथेच आहे.

वाट म्हणजे नुसते किलोमीटर नव्हेत, हे बायकांच्या बाबतीत लख्ख दिसतं. ‘दुखणं अंगावर काढणं’ हा शब्दप्रयोग मराठीत उगाच आलेला नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तरी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी यंत्रणेला बाई दिसायची ती गरोदर असताना, नाहीतर नसबंदीच्या टेबलावर. मधल्या वर्षांतली पाळीची, पांढऱ्या पाण्याची, ओटीपोटाची दुखणी कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

मजुरांमध्येही अशीच फाळणी आहे, फक्त ती कायद्याने केलेली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला दवाखाना दिला आणि आजारपणाच्या रजेचे पैसेही. शेतमजूर त्या कायद्याबाहेर. त्याचा एक खाडा पडला की त्या दिवसाचा रोज बुडाला, म्हणून ताप उतरेल या आशेवर तो दोन दिवस काढतो. हे दोन दिवस आळसाचे आहेत असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

दोन हजार सालानंतर बरंच घडलं, तेही नोंदवायला हवं. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, नेमल्या. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, आता तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना. योजनेच्या कार्डाने शस्त्रक्रियेचा खर्च सुटतो, पण योजनेशी जोडलेली (अंगीकृत) रुग्णालयं मुख्यतः शहरांत. २०१४ पासून १०८ च्या ९३७ रुग्णवाहिका धावू लागल्या. त्यांना रस्ता लागतो आणि बोलवायला फोनची रेंज. धरणामुळे नर्मदेला आलेल्या फुगवट्याकाठच्या गावांसाठी नंदुरबारमध्ये तरंगते दवाखाने आले, ते मात्र वाट ओळखून काढलेलं उत्तर होतं.

केंद्र सरकारनेही पुढे लोकसंख्येऐवजी वेळ धरून पाहिली: वस्तीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर उपकेंद्र. हा निकष निवडक ‘डोंगरी राज्यां’तल्या आणि वाळवंटी भागांतल्या जिल्ह्यांसाठी आहे. सातपुड्यात डोंगर आहेत, पण महाराष्ट्र काही डोंगरी राज्य नव्हे. शिवाय अर्धा तास धरला आहे तो मोकळ्या हातांनी चालणाऱ्याचा, झोळी खांद्यावर घेतलेल्या चौघांचा नाही.