सुटकेस फीडरला मशीन कुठलं लावायचं?

माझा मावसभाऊ चाकणजवळ शेडची कामं घेतो, ट्रस (छताचा लोखंडी सांगाडा), पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या), पत्रे वगैरे. त्याने हौसेने एक सुटकेस फीडर घेतला. म्हणजे नेहमीच्या सीओटू मशीनमधला (गॅस सोडत वायरने वेल्डिंग करतं ते) वायर ढकलणारा भाग वेगळा काढून हातात धरता येईल अशा डब्यात बसवलेला, आत वायरचं रीळ, छोटी मोटर आणि रोलर, बस. मशीन खाली ठेवायचं आणि डबा घेऊन वर चढायचं, अशी कल्पना. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन, "दादा, फीडर बोगस निघाला रे. वायर जॉबला जाऊन टोचते, नाहीतर उलटी जळत येऊन टिपलाच चिकटते." (जॉब म्हणजे जोडायचं लोखंड, टिप म्हणजे हातातल्या टॉर्चचं वायर बाहेर येतं ते टोक.) मशीन कुठलं लावलंयस विचारलं तर म्हणे भाड्याने आणलंय, हातात रॉड धरून वेल्डिंग करायचं, पण 400 अँपिअरचं आहे, कमी पडायचा प्रश्नच नाही.

तर घोळ तिथेच होता. फीडर चांगला होता आणि अँपिअरही भरपूर होते, पण मशीन चुकीची गोष्ट धरून ठेवत होतं.

म्हणजे कसं बघा. रॉडने वेल्डिंग करताना माणसाचा हात थोडा तरी हलतोच, आर्क (रॉड आणि जॉबमधली जळती ठिणगी) कधी लांब कधी आखूड होतो, आणि तेवढ्याने करंट वरखाली झाला तर बीडची, म्हणजे वेल्डिंगच्या रेघेची, वाट लागेल. म्हणून रॉडचं मशीन करंट धरून ठेवतं, व्होल्टेज काय व्हायचं ते होऊदे. याला सीसी म्हणतात, कॉन्स्टंट करंट. वायरचं गणित बरोबर उलटं आहे. तिथे वायर रोलरवरून ठरलेल्या स्पीडने येत राहते, समजा मिनिटाला 6 मीटर, म्हणजे सेकंदाला 10 सेंटीमीटर! एवढ्या स्पीडला आर्कची लांबी हाताने सांभाळणं कुणाच्या बापाला जमणार नाही, ते काम मशीननेच करायला पाहिजे. आणि ते करतं कसं, तर व्होल्टेज धरून ठेवून. टॉर्च जरा मागे गेला, आर्क लांबला, की करंट आपोआप पडतो, वायर हळू जळते, मागून येणारी वायर ती फट भरून काढते. टॉर्च पुढे गेला की करंट उसळतो, वायर पटकन जळते, आर्क परत जागेवर. हे सेकंदात कितीतरी वेळा चालू असतं आणि वेल्डरला पत्ताही लागत नाही. हे झालं सीव्ही मशीन, कॉन्स्टंट व्होल्टेज.

आता त्याच फीडरला सीसी मशीन लावलं तर आर्क लांबला तरी करंट तेवढाच, वायर जळण्याचा वेगही तेवढाच, सुधारणा करणारं कुणी नाही. मग वायर एकतर टिपपर्यंत जळत येते नाहीतर जॉबमध्ये टोचते, अगदी भाऊ सांगत होता तेच. काही फीडरमध्ये सीसीसाठी वेगळा मोड असतो, त्यात फीडर आर्कचं व्होल्टेज बघून वायरचा स्पीड कमीजास्त करतो. चालतं, पण मोटरला स्पीड बदलायला वेळ लागतो, आर्क तेवढा थांबत नाही. जाड फ्लक्स कोअर (आत पावडर भरलेल्या) वायरला एकवेळ ठीक, 0.8 मिमीच्या वायरला माझ्या मते नादच करू नये. आणि जुना एसी ट्रान्सफॉर्मर तर सोडूनच द्या, इथे डीसी लागतो.

बरं, असल्या बऱ्याचशा फीडरला मशीनपासून वेगळी कंट्रोल केबल नसते, तो आपली मोटर वेल्डिंगच्याच व्होल्टेजवर चालवतो. एक बारीक वायर आणि क्लिप असते ती जॉबला लावायची, म्हणजे त्याला आर्कचं व्होल्टेज मिळतं. याचा अर्थ मशीनचं आउटपुट कायम चालू पाहिजे, ट्रिगर दाबल्यावरच चालू होणाऱ्या मोडवर ठेवलं तर फीडर मुका. आणि आउटपुट कायम चालू म्हटल्यावर फीडरच्या आत कॉन्टॅक्टर (करंट तोडणारा स्विच) असलेला बरा, नाहीतर ट्रिगर सोडला तरी टोकाची वायर जिवंत असते आणि ट्रसला टेकली की ठिणगी. शॉक बसू नये म्हणून रॉडच्या काही मशीनला व्हीआरडी नावाची सोय असते, ती आर्क नसतानाचं व्होल्टेज इतकं खाली ठेवते की फीडर जागाच होत नाही, हेही घेताना विचारा.

केबलचं मात्र लोक हमखास विसरतात. 1.2 मिमीच्या वायरला 200 अँपिअर धरले तर आर्कच्या व्होल्टेजचा अंदाजी हिशोब 14 अधिक करंटच्या 0.05 पट, म्हणजे 24 व्होल्ट. आता मशीन खाली आणि फीडर 30 मीटर लांब. जायची 30 आणि अर्थिंगची परतीची 30, अशी 60 मीटर केबल झाली. 50 स्क्वेअर मिमीची तांब्याची असली तरी 200 अँपिअरला 4 व्होल्ट केबलच खाते, 35 ची घेतलीत तर जवळपास 6! मशीनच्या मीटरवर 24 दिसतात आणि आर्कला मिळतात 20, मग वेल्डर शिव्या घालतो गॅसला. म्हणून मीटर फीडरवर असावा आणि सेटिंग त्याच्यावर बघून करावं. उरलेल्या केबलचं भेंडोळं लोखंडावर टाकून ठेवू नका, त्यानेही आर्क बिघडतो.

अँपिअर बघताना ड्युटी सायकलसकट बघा. 250 अँपिअर 60 टक्के म्हणजे 10 मिनिटांतली 6 मिनिटं, सलग चालवायचं तर तेच मशीन 190 च्या आसपासचं. जनरेटरवर चालवणार असाल तर 200 अँपिअर गुणिले 24 म्हणजे 4.8 किलोवॅट झाले नुसते आर्कचे, मशीनमधला लॉस आणि पॉवर फॅक्टर धरला की सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनला 8 केव्हीए सहज लागतात, त्यामुळे 10 च्या खालचा जनरेटर मी तरी घेणार नाही.

भावाने शेवटी सीसी-सीव्ही दोन्ही असलेलं मशीन आणलं. परत फोन, "दादा, आता तर काहीच चालू होत नाही, दिवा पण लागत नाही." क्लिप कुठे लावलीयस विचारलं. पर्लिनला, म्हणे. पर्लिनला रेड ऑक्साइडचा रंग मारलेला होता. ग्राइंडरने रुपयाएवढी जागा घासली, फीडरचा दिवा लागला.