नाकातला पॉलिप: नावाने घातलेला घोळ

नाकातल्या पॉलिपच्या, म्हणजे अस्तराच्या लोंबत्या वाढीच्या रिपोर्टवर 'स्क्वेमस मेटाप्लेझिया' (पेशींचा प्रकार बदलून चपटा होणं) असं वाचलं की छातीत धस्स होतं. त्या भीतीचा निम्मा दोष 'पॉलिप' या नावाला द्यावा लागेल. ग्रीकमध्ये पॉलिप म्हणजे 'अनेक पायांचा'. नाव पडलं ते दिसण्यावरून, आत काय आहे त्यावरून नव्हे. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटसच्या नावावरच्या ग्रंथांत तो काढायची रीत सांगितली आहे: दोऱ्याला स्पंज बांधायचा, दोरा नाकातून घशात उतरवायचा आणि तोंडातून ओढायचा. भूल नव्हतीच!

सूक्ष्मदर्शक आला आणि वाद सुरू झाले. १८५५ मध्ये शल्यचिकित्सक बिलरोथला ती ग्रंथींची गाठ वाटली, पॅथॉलॉजिस्ट फिरशोला संयोजी (आधार देणाऱ्या) ऊतीची. पुढे उमगलं की बहुतेक पॉलिप गाठ नसतातच. सायनसचं, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचं अस्तर दीर्घकाळ सुजतं, त्यात पाणी भरतं आणि ते द्राक्षाच्या घोसासारखं लोंबू लागतं.

या अस्तरातल्या पेशी उभट असतात, त्यांच्या डोक्यावर हलणारी लव असते. पॉलिप नाकपुडीच्या तोंडाशी आला की येणाजाणाऱ्या हवेने कोरडा पडतो, घासला जातो. मग लव झडते आणि कातडीसारख्या चपट्या पेशींचे थर बसतात. हाच मेटाप्लेझिया. हाताला घट्टे पडावेत, तसंच हे. डिसप्लेझिया, म्हणजे कर्करोगाकडे झुकू शकणारा पेशीबदल, ही वेगळी गोष्ट. त्यात केंद्रकं मोठी, गडद होतात, थरांची शिस्त मोडते. सुजेतून आलेल्या साध्या पॉलिपमध्ये तो क्वचितच सापडतो.

अस्तराखालच्या पेशीही चकवतात. १९७६ मध्ये काही अमेरिकी पॅथॉलॉजिस्टांनी असे पॉलिप नोंदवले, ज्यांतल्या विचित्र, मोठ्या पेशी पाहून सार्कोमाच (संयोजी ऊतीचा कर्करोग) वाटावा. प्रत्यक्षात त्या निरुपद्रवी होत्या.

खरी धास्ती आहे ती पॉलिपच्या वेशात येणाऱ्या इन्व्हर्टेड पॅपिलोमाची. १८५४ मध्ये वॉर्डने वर्णिलेली ही वाढ बाहेर न येता आतल्या बाजूला वळते, हे १९३८ मध्ये रिंगर्ट्झने दाखवलं. काही रुग्णांत तिच्यातून कर्करोग होतो. शिवाय ती सहसा एकाच बाजूला असते, तर साधे पॉलिप बहुधा दोन्हीकडे. म्हणूनच एकाच नाकपुडीत पॉलिप दिसला की डॉक्टर सावध होतात, आणि दोन्हीकडून काढलेले तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत, डावा-उजवा लिहून तपासणीला पाठवणं बरं.